पट्टा का थांबवलास?

चिमे,

तुझ्या व्यायामाच्या अभ्यासाला कधी न पळालेली बाई हवी होती, म्हणून मी त्या फिरत्या पट्ट्यावर चढले. छातीला वायरी लावल्यास. पडद्यावर माझ्या काळजाच्या रेघा बघता बघता पट्टा थांबवलास. "मशीन बिघडलंय, आई," म्हणालीस. मग लगेच त्याच पट्ट्यावर माझ्यासोबत आलेल्या मावशीला कशी पळवलीस? मी शिकलेली नाही, पण आंधळीही नाही.

तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालतेय, एका जागी बसवत नाही. तुझी परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून विचारत नाही आणि हे पत्रही देत नाही.

पण काल जिन्यात माझ्या हातातली पिशवी घेतलीस. जन्मात कधी घेतली होतीस का गं?

सांगून टाक. घाबरायचंच तर दोघी मिळून घाबरू.

जिन्यात दम लपवणारी,
तुझी आई