विशेष उल्लेख

४ जाने., परभणी
आमच्या समीक्षक मंडळाची बैठक, ऑनलाइन. अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी कौसाबाईंचं नाव लावून धरलं. येलदरीच्या, शेळ्या पाळतात. तिकडं चित्रपटाचं शूटिंग झालं, त्यात मुख्य काम त्यांचं, नवरा गेल्यावर बोलणंच सोडलेल्या बाईचं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, ती अभिनय कुठं करतेय? ती तशीच आहे." बाकीच्यांच्या माना डोलल्या. तशीच आहे! एकानं तरी तिला पाहिलंय? मी ओरडले, तर मला म्यूट केलं. मला!

५ जाने.
अध्यक्षांचा फोन. पारितोषिक मुंबईच्या नटीला, कौसाबाईंना 'विशेष उल्लेख'. "त्यांच्या वतीनं मुंबईला मंचावर तुम्हीच या. बाईंना कशाला एवढी दगदग?" दगदगीची काळजी म्हणे! राजीनामा द्यावा, तर तिथं आपल्याकडचं कुणीच उरत नाही. त्यांना तेच तर...

८ जाने.
जिंतूरहून येलदरी. कौसाबाई अंगणात नवऱ्यावर ओरडत होत्या. या बाईला गप्प बसलेलं मी फक्त पडद्यावर पाहिलंय. सगळं सांगितलं. हसण्यावारी नेतील वाटलं होतं. तोंड लालबुंद.
"तशीच हाय म्हंजे? ह्यो काय, जित्ता बसलाय की समोर!"
नवरा चहात बटर बुडवत होता. त्यानं मान हलवली.
"दीर गेला तवा सासू कशी भित्तीकडं बघत बसायची, ते आठवून आठवून केलं मी. घरी आले की रडू यायचं. आन म्हनं तशीच!"
मग माझ्याकडं वळून, "तुमच्यासमोर म्हनले?"
हो म्हणाले. लाज वाटली.
"माझ्या बदली तुमी नका जाऊ. मीच येते. बोलायचं हाय मला."

१० जाने.
अध्यक्षांना कळवलं, बाई येणार, बोलणार. "विशेष उल्लेखवाल्यांना भाषण नसतं हो. वर यायचं, फोटो, खाली." म्हटलं, मग तुमच्या नटीलाही मुक्यानं उभं करा. फोन त्यांनीच आपटला. बरं वाटलं. राग मात्र तसाच.

२१ जाने., गाडीत
कौसाबाई नव्या साडीत. परभणी स्टेशनावर नवरा पोचवायला आलेला, तर त्यालाच चार सूचना. मानवत रोड गेल्यावर विचारलं, काय बोलणार?
"ते तितं बघू. त्यो अध्यक्ष कोन, तेवढं मला दावा."
दाखवते म्हटलं.