परीक्षा होईपर्यंत न कळवलेलं

पुणे, २८ मे २००१

तीर्थरूप नानांना हर्षालीचा नमस्कार.

१. काल मेडिकलची सीईटी झाली. पेपर चांगले गेले.
२. केंद्राबाहेर काकांचा सूरजदादा उभा होता. आई गेल्याचं त्याने तिथे सांगितलं.
३. दहावाही होऊन गेला होता.

मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "लई बेस हाय ती, कोथिंबीर खुडायला गेलीया. तू वाच." तेव्हा घरात सुतक होतं.

दादा म्हणाला, पिंडाला कावळा शिवेना. मग तुम्ही हात जोडून म्हणालात, "हर्षालीला डाक्टर करीन," आणि तो शिवला. इथे लॅबमधल्या नोकरीत रोज रक्त तपासणारी मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी दादाला दोनदा विचारलं, नक्की शिवला का.

तुम्ही वेळेवर जेवता ना? बीपीची गोळी चुकवू नका.

परीक्षा होईपर्यंत मला कळवू नका, हे आईने जाण्याआधी सांगितलं की तुम्ही ठरवलंत? तिने सांगितलं असेल तर मी प्रवेशाचा अर्ज भरेन. तुम्ही ठरवलं असेल तरी रागावणार नाही, पण यंदा अर्ज भरायला माझा हात उठणार नाही. खरं तेच लिहा.

नऊ जूनपर्यंत तुमचं उत्तर मिळावं.

तुमची,
हर्षाली