दंडावरचा बिब्बा

१२ जानेवारी
जमलं! पुण्याच्या डॉक्टरांनी तारीख दिली — ३ फेब्रुवारी. छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून उजवा हात सुजून भोपळा झालाय. आता भिंगाखाली बघून हातातल्या केसाएवढ्या नळ्या शिरांना जोडणार, म्हणजे साठलेल्या पाण्याला वाट मिळेल. हिरवं औषध टोचून ते हातातून वर चढतं का पाहिलं — चार नळ्या अजून चालू आहेत. "वेळेत आलात," म्हणाले.

अख्ख्या कन्हेरी गावाचे ब्लाऊज मी शिवते आणि माझ्याच ब्लाऊजची एक बाही माझी, दुसरी म्हशीची! पुरे झालं. अविराजला म्हटलं, ऑपरेशन झालं की सारख्या बाह्यांचा ब्लाऊज शिवणार. किती दिवसांनी नवरा हसला माझा.

२० जानेवारी
आत्या — माझ्या सासूबाई — रोज संध्याकाळी हाताला पट्टी गुंडाळतात. नर्सनं शिकवलं तशी, बोटांपासून वर. आज म्हणाल्या, "कापून जोडून काय हुतंय? पाणीच हाय ते. आटवाय पायजे." म्हटलं, आत्या, तो काय उसाचा रस आहे? दोघी हसत सुटलो.

२७ जानेवारी
डाव्या हातानं लिहितेय.
दुपारी डोळा लागला होता. आत्यांनी बिब्बा दिव्यावर धरला आणि त्याचं तेल सुईनं माझ्या दंडाला लावलं. दंडाचा तो भाग ऑपरेशनपासून बधिर आहे, मला कळलंसुद्धा नाही. उठून बघते तर फोडच फोड!
"माझ्या आयच्या पायाची सूज बिब्ब्यानंच उतरली हुती गं…" एवढंच म्हणत राहिल्या. मी किंचाळले — हात जाळलात तुम्ही माझा!

३० जानेवारी
ताप. हात लालभडक. बारामतीत ॲडमिट. तारीख रद्द.

१ मार्च
पुन्हा पुणे, पुन्हा हिरवं औषध. ते वर चढलंच नाही. एकही नळी चालू नाही. जोडणार काय? डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, अजून एक ऑपरेशन आहे, जांघेतल्या चांगल्या, अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या गाठी रक्तवाहिनीसकट काढून काखेत बसवायच्या.

मी नको म्हणत असताना आत्या सोबत आल्या होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "तिला कशाला कापताय परत? माझ्या घ्या की. म्हातारीला काय करायच्यात?" ते म्हणाले, आजी, तिच्याच लागतात. मी खिडकीबाहेर बघत बसले. कीव आली नाही मला, खरंच आली नाही.

२ एप्रिल
मी त्यांच्याशी बोलत नाही. पट्टी आता अविराज बांधतो, ओबडधोबड. आत्या उंबऱ्यात बसून बघतात. आज दबकत म्हणाल्या, "सैल ऱ्हायली रं." अविराज तशीच गुंडाळत राहिला.

सूज खांद्याला भिडली. मशीन झाकून ठेवलं. शेजारची सारजा सांगत होती, आत्या पाणवठ्यावर सगळ्यांना सांगतात म्हणे — "माझ्याच हातानं सुनंचं वाटूळं केलं."
केलंच आहे.

१६ एप्रिल
नव्या ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत मानेत गाठी दिसल्या होत्या. आज रिपोर्ट आला. रोग परत आलाय. हाताचं ऑपरेशन आता नाहीच. औषधं सुरू करू, म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले.

मी एकच विचारलं. बिब्ब्यामुळं नळ्या बंद झाल्या का?
"नाही हो. त्यानं कातडी भाजली, ताप आला, तेवढंच. वाट या गाठींनी अडवली."

येताना मोरगावच्या पुढं अविराजनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मला रडू येईना. आत्यांचा चेहरा दिसत होता.

१७ एप्रिल
आत्यांपुढं हात धरला. पट्टी बांधा, म्हटलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बिब्ब्यानं काही झालेलं नाही.
"व्हय? खरंच का गं? माझ्यामुळं न्हाय?" पदर तोंडात धरून रडल्या, मग हसल्या.
आता वाटीत साखर घेऊन आळीत वाटत निघाल्यात. बाकीचं त्यांना सांगितलेलं नाही.