आसराबाईच्या आतड्यातला गोळा

३ डिसेंबर १९३६, मंठा
आलो एकदाचा! हैदराबादेत डॉक्टरकी शिकताना मंठ्याचं नाव काढलं की मित्र हसायचे. हसोत बापडे. काकासाहेबांनी आपल्या दवाखान्यात माझं स्वागत हुरड्यानं केलं आणि उजेडाची खोली दिली. ते आतड्यातले गोळे कापून काढतात. त्या गोळ्यांना रक्त कुठून मिळतं, ते मी शोधायचं. कापलेल्या गोळ्याच्या धमनीत शेंदूर कालवलेला पातळ सरस भरला की सगळ्या वाटा दिसतात.

७ डिसेंबर
कचरू नावाच्या रोग्याचा गोळा साधा निघाला. देठातून एक धमनी आत, तिला नीट फांद्या, रक्त शिरेवाटे परत. शहाण्या माणसाचा कारभार! आज काढलेला आसराबाईचा मात्र वाईट, कर्करोगाचा. वाहिन्या वेड्यावाकड्या, वाट्टेल तिथं घुसलेल्या. तिचा नवरा धुळाजी हात जोडून म्हणाला, अंगातली वस्तू हाय साहेब, मातीआड करू द्या, न्हाई तर ती बाईला सोडायची न्हाई. मला हसू आलं. असा नमुना पुन्हा कुठला मिळायला? देणार नाही म्हणालो.

१० डिसेंबर
स्पिरिटच्या बरणीत ठेवलेला तिचा गोळा पांढरा पडायला हवा होता. तो लाल होत चालला आहे. लिंबाएवढा होता, आज मोसंबीएवढा. काकासाहेब म्हणाले, जरा झोप काढ. आसराबाईची जखम कोरडी आहे, तरी ती पांढरीफटक पडली आहे. रक्त जातंय कुठे?

११ डिसेंबर
गोळ्याला चिमटा लावला. पलीकडच्या खोलीत आसराबाई किंचाळली. पुन्हा लावला. पुन्हा किंचाळली.
मला भीती वाटते. आता पुरायचीही सोय उरली नाही. हा गुदमरला तर ती —

१२ डिसेंबर
गोळा गरम आहे. ठोका लागतो. रक्त तोडायचं, दुसरा उपाय नाही. गोळ्याची धमनी शोधून रेशमानं आवळून बांधली. घाईत कात्रीनं बोट कापलं.

१३ डिसेंबर
आसराबाई उठून बसली, भाकर खाल्ली. धुळाजीनं माझे पाय धरले. तुमी देवमाणूस हाव म्हणाला. लाजेनं मेल्यासारखं झालं. दुपारी तिला घेऊन गावी गेला.
गोळा अजून लालच.

१४ डिसेंबर
डाव्या हातानं लिहितो आहे. बरणी उचलताना — कापल्या बोटातून केसाएवढी वाहिनी — थेट गोळ्यात. ओढली. कळ माझ्या छातीत.
काकासाहेब जालन्याला गेलेत. हाका मारल्या. कोणी नाही.
बांधायला हवी. रेशीम समोर आहे. पण दोरा आवळायला दोन हात लागतात, आणि उजवा आता —