होकाराची मुदत

४ फेब्रुवारी २०२६, पालम

चटणीच्या वेबसाइटच्या नावाची मुदत या महिन्याअखेर संपतेय! डोमेन म्हणतात त्याला. मुदत वाढवली नाही तर नाव दुसरा कुणीही उचलेल, आणि पुण्या-मुंबईची सगळी गिऱ्हाइकं तर त्या नावावरच येतात. ते आहे शिवकन्येच्या खात्यात — माझी धाकटी जाऊ. तेव्हा चूल एक होती, तिच्याच मोबाइलवर नोंदवलं. आता ती गंगाखेडला, मी इथं. दिवाळीपासून अबोला. चटणीत मीठ कुणी जास्त टाकलं, यावरून!

६ फेब्रुवारी

स्टँडजवळच्या कंप्युटरवाल्या सिद्धोधननं तोडगा काढला. नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायचं, माझ्या खात्यात. त्यासाठी जुन्या खात्यातून कोड लागतो. मी फोन करणार नाही म्हटलं. त्यानंच केला. तिनं मुकाट्यानं कोड दिला. इतक्या सहज? मला तर शंकाच आली.

७ फेब्रुवारी

जुनी कंपनी आता तिला मेल पाठवणार. नकार असेल तर पाच दिवसांत कळवा, नाही कळवलं तर होकार धरू. मी सिद्धोधनला दोनदा विचारलं. "व्हय काकू, त्या गप बसल्या की झालं."

म्हणजे तिचा अबोला माझ्याच कामी येणार. आमच्यात गप्प माणसाचा होकार कुणी धरत नाही. मुलगी बघून गेलेले काही कळवत नाहीत, तेव्हा समजायचं ते आपण समजतो. ही कंपनी कुठल्या गावची कोण जाणे.

९ फेब्रुवारी

अजून काही नाही. बरं वाटतंय — आणि वाईटही. तिनं गप्प राहावं म्हणून महादेवाला सांगतेय, हे जरा अतीच. खरं तर तिची आठवण येते. शेंगदाणे भाजताना ती बोलत राहायची, काम कधी उरकलं कळायचं नाही.

१० फेब्रुवारी

नकार आला. तिनं स्वतः बटण दाबलंय. सिद्धोधनच्या दुकानातच रडू आलं. नकारच द्यायचा होता तर कोड कशाला दिला? पुन्हा पहिल्यापासून करायला आता दिवस पुरतील का?

११ फेब्रुवारी

शिवकन्येचा फोन. "अक्का, आलं का नाव तुमच्याकडं?"

नकार देऊन वर मलाच विचारतेस, म्हटलं. ती गोंधळलीच. "म्या तर हो म्हणायला दाबलं. मेलमधी एकच बटन होतं, इंग्रजीत. गप बसले असते तर तुमाला वाटलं असतं, अजून राग धरून बसलीय."

ते एकच बटण नकाराचं होतं, होकाराला नुसतं गप्प बसायचं असतं, हे मी तिला सांगितलं. तशी ती म्हणाली — "परत पाठवायला सांगा. मेलला मी गप बसते. तुमच्याशी न्हाई बसायची, अक्का."