चौथ्या ड्रमचा हात

७ जून, शनिवार

एकशे बारा बटणं. बोटांची चाळण झाली, पण लागली.

पथकाच्या शिवणटेबलावर हा माझा तिसरा शनिवार. मुलांचे गणवेश उसवतात, आम्ही जुनी मंडळी शिवतो. जुनी मंडळी म्हणजे एके काळी याच ड्रमपथकात वाजवणारे आणि आता गुडघ्याला बाम चोळणारे. पेपरात दर मंगळवारी मी जगाची शिवण उसवते, शनिवारी बटणं लावते. नवरा म्हणाला, "प्रायश्चित्त का?" दंतवैद्य आहे. दुखतं तिथेच नेमकं टोचतो.

टेबल खिडकीशी आहे, तिथून सराव दिसतो. शाळेचं तेच मैदान. पाच मोठे ड्रम रांगेत – पहिला सगळ्यात लहान, पाचवा वाजवणाऱ्यापेक्षा मोठा. एकाने एक ठोका द्यायचा, लगेच शेजाऱ्याने पुढचा. पाच जणांचं मिळून एक वाक्य. एकट्याला त्यातलं काहीच वाजवता येत नाही. मी चौथी होते. अजूनही भांडी घासताना ती धून गुणगुणते, पण फक्त माझ्या वाटणीची – शांतता, शांतता, शांतता, धुम्. लग्नानंतर महिनाभर नवऱ्याला वाटत होतं नळ गळतोय.

८ जून, रविवार

ठोकळा सर गाव सोडून चाललेत. मुलाकडे, कायमचे.

लाकडी ठोकळ्यावर काठीने टकटक करून ताल द्यायचे, म्हणून ठोकळा. तोंडावर अर्थातच फक्त सर. अठ्ठ्याहत्तर झाले. एकोणतीस तारखेला मैदानावर निरोप. जुन्यांनी मुलांबरोबर एक तुकडा वाजवायचा ठरलाय. कुठला? तोच. ज्यात मध्ये सगळे एकदम थांबतात आणि चार मात्रा काहीच वाजत नाही.

आता मुलांना जी शिकवते ती पोरगी आमच्यानंतर दहा वर्षांनी पथकात होती. म्हणाली, "ताई, तुमची अख्खी रांग येतेय. तिसरीसुद्धा!"

सुई नखाखाली गेली. रक्त पांढऱ्या कॉलरवर. थंड पाण्याने निघालं. कॉलरवरचं.

१० जून, मंगळवार

आजच्या सदरात पाणीपुरवठ्याच्या साहेबांना सोलून काढलं. 'चूक झाली म्हणायला यांची जीभ का झडते?' असं शेवटचं वाक्य. दुपारपर्यंत सात फोन. "ताई, तुम्ही म्हणजे कुणालाच सोडत नाही."

एकीला सोडलंय. एकतीस वर्षं.

१४ जून, शनिवार

लिहून टाकते. वहीच आहे, कुठे छापायचंय.

पथकात एक रीत होती, अजून आहे. सरावात चुकलं की हात वर करायचा. कारण नको, माफी नको, चेहरा पाडायचा नाही – फक्त हात. सर मान हलवायचे, हात खाली, पुढे चालू. "तू हात नाही केलास तर शेजारचा विचार करत बसतो, माझं तर चुकलं नाही ना," सर म्हणायचे. "तुझी चूक दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून जाऊ नकोस." आणि ज्याने हात केला त्याने त्या दिवशी रांगेतले सगळे ड्रम पुसायचे. शिक्षा नव्हे म्हणे. हातांना काम.

अंतिम स्पर्धा. मी सतरा वर्षांची. वडील पहिल्यांदाच बघायला आले होते. एरवी त्यांच्या मते ड्रम म्हणजे 'गणितात नापास व्हायचा खर्चिक मार्ग'. तो तुकडा आला. सगळे थांबले. शांततेची पहिली मात्रा, दुसरी – आणि तिसऱ्या मात्रेवर मी दिला एक ठोका. धुम्. अख्ख्या मैदानात एकटा. मेलेल्याच्या घरी शिंक यावी तसा.

दुसरा नंबर आला. थोडक्यात हुकलं.

नंतर ट्रकमागे आमची रांग उभी. सर समोर. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "कोण?" मी बुटांकडे बघत होते. डाव्या बुटाची नाडी सुटली होती, ती अजून दिसते मला. हात उचलायला गेले आणि कुंपणापलीकडे वडील दिसले. हात उचललाच नाही. डोळे परत बुटांवर. शेजारी कापड सळसळलं आणि तिसरीचा आवाज आला, "मी, सर."

तिसऱ्या आणि चौथ्या ड्रमच्या आवाजात बोटभराचाच फरक. मैदान घुमणारं. मला वाटलं – पटेल.

पटलं. मी पोट दुखतंय म्हणून वडिलांबरोबर घरी गेले. तिसरीने ड्रम पुसले असणार. पुढच्या वर्षी रांगेची म्होरकी तीच होणार हे सगळे धरून चालले होते. झाले मी. तिसरी दुसऱ्या गावी शिकायला गेली. एक पत्र आलं तिचं, हवापाण्याचं. मी उत्तर दिलं नाही.

झालं लिहून. वाटलं होतं त्यापेक्षा लहान दिसतं कागदावर. चीड आली त्याची.

१७ जून, मंगळवार

ही गोष्ट सदरात लिहायचा प्रयत्न केला. दीड तास. संपादक केबिनमध्ये वाचून खो खो हसले, "नाडीचं काय लिहिलंय! पुढच्या आठवड्यात टाकू." मी पुन्हा वाचलं. सगळे हसू येणारे भाग माझे होते, आणि तिसरी नुसती बावळट, भोळी, हात वर करणारी. स्वतःची लाज काढायला बसले आणि तिचीच टर उडवून उठले. एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा.

परत घेतलं. संपादकांना वाटलं मानधन वाढवून मागतेय.

२१ जून, शनिवार

खांद्यावर ड्रम. तीस वर्षांत ड्रम जड झाले आहेत. (हा एक शास्त्रीय शोध.)

माझ्या शेजारी आत्ताची चौथी उभी होती. चौदा वर्षांची, दातांना तारा, शिंगरासारखी. ती वाजवणार, मी तिच्याबरोबर तेच वाजवणार. तासाभरात तिने नऊ वेळा हात वर केला. नऊ! आणि चेहरा असा, जणू बसमधल्या मैत्रिणीला हात करतेय. मी सहा वेळा चुकले. हात एकदाही नाही. तिने तिसऱ्या खेपेलाच बघितलं.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "काकू, तुमचा खांदा दुखतो का?"

"नाही गं. का?"

"हात वर जात नाहीये तुमचा."

लोक मला तिखट जिभेची म्हणतात. त्या पोरीच्या पासंगालाही पुरणार नाही मी. आणि ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. पिशवीतून बाम काढून दिला.

पुढच्या फेरीत चुकले आणि हात वर केला. कोपर कानापर्यंत. शिकवणारीने मान हलवली, पुढे चालू. एवढंच. एवढंच असतं ते!

२२ जून, रविवार

खांदा खरंच दुखतोय. पोरीचा बाम चांगला आहे.

२५ जून, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. सगळं, नाडीसकट. तो आमटी वाढून घेत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी एका फरारी गुन्हेगाराबरोबर चोवीस वर्षं संसार केला."

"चेष्टा नकोय."

"बरं. मग सरांना सांग, तिला सांग."

"एकतीस वर्षांनी?"

"किडलेला दात जुना झाला म्हणून बरा होत नाही."

घरात एकच विनोदी माणूस पुरे, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "मग तू लेख लिहायचं सोड." पण रात्रीची भांडी त्याने घासली. माझी धून गुणगुणत – माझ्याच वाटणीची, बरोबर मात्रेवर. चोवीस वर्षं ऐकून पाठ झालीय त्याची. कधी बोलला नाही.

२८ जून, शनिवार

तिसरी आली. केस सगळे पांढरे, रंगवत नाही. आता शाळेत शास्त्र शिकवते. बघताच म्हणाली, "अगं चौथे, जाड झालीस की!" आणि मिठीच मारली, मध्ये दोघींचे ड्रम असताना. दोन ड्रम घातलेल्या बायकांची मिठी म्हणजे दोन बैलगाड्यांची टक्कर.

पहिला, दुसरी आणि पाचवाही आले. पहिला आता आजोबा झालाय, दुसरी बँकेत, पाचवा अजून तेवढाच उंच आणि तेवढाच अबोल. सराव झाला. चार मात्रांची शांतता पाचही जणांनी पाळली. मी श्वास घ्यायचंही बंद केलं होतं.

नंतर तिसरीला बाजूला घेतलं, "तुझ्याशी बोलायचंय," म्हणाले. ती म्हणाली, "बोल ना." मी म्हणाले, "तुझे सँडल छान आहेत."

पल्लेदार वाक्यं लिहिण्याचे मला पैसे मिळतात.

२९ जून, रविवार

आता लिहिते, नाहीतर उद्या यात मीठमसाला घालीन.

सर पहिल्या ओळीत, खुर्चीवर. मांडीवर तो ठोकळा. हात थरथरतात, पण काठी पडली की टक् बरोबर जागेवर. सत्तर मुलं, पंचवीस आम्ही. सुरुवात झाली आणि पाठीचा कणा आपोआप ताठ. पहिला, दुसरी, तिसरी, मी, पाचवा – इतक्या वर्षांनी माझं वाक्य पुरं ऐकलं मी. शांतता, शांतता, शांतता, धुम् नव्हे. सगळे शब्द जागच्या जागी. डोळे भरले, काठी दिसेना. दिसायची गरजही नव्हती.

मग सगळे थांबले.

पहिली मात्रा. दुसरी. तिसऱ्या मात्रेवर मी हात वर केला. काठीसकट, सरळ. ठरवलं नव्हतं. जागा तीच होती, रिकामी होती, आणि हात तिथलाच होता. चौथ्या मात्रेनंतर तो खाली आला आणि माझा ठोका वेळेवर पडला. आत्ताची चौथी शेजारून बघत होती – काकू चुकल्या कुठे?

सगळं संपल्यावर सरांपाशी गेले. वाकले. म्हणाले, "सर, त्या वर्षी अंतिम स्पर्धेत—"

"उशीर झाला," सर म्हणाले. "एकतीस वर्षं. ताल कच्चाच राहिला तुझा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुला काय वाटलं, मला तिसरा आणि चौथा ड्रम वेगळे ओळखता येत नाहीत?" ठोकळा त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला. "चूक केलीस ते मी त्याच दिवशी विसरलो. पण हा अपमान नाही विसरणार."

मी हसले का रडले ते नवऱ्याला विचारायला हवं, तो बघत होता.

"मग मला म्होरकी का केलंत? तिसरीला करायचं होतंत ना?"

"म्होरकी रांगेकडे तोंड करून उभी राहते. म्हटलं, हिला पाच जणांच्या चेहऱ्यांकडे बघायची सवय लावू. बुटांकडे बघायला वेळच मिळायचा नाही." मग काठी माझ्याकडे रोखून, "लागली का सवय?"

"आता लागतेय, सर."

माझं सगळं लिहिणं म्हणजे लोकांच्या चेहऱ्यांकडे बघणं. ते मला या माणसाने दिलं, मी लायक नसताना, आणि मला वाटत होतं मी चोरलंय.

तिसरी बसथांब्यावर भेटली. या वेळी सँडलचं काढलं नाही. सगळं एका दमात सांगितलं. माझ्यासाठी तू चूक अंगावर घेतलीस, ड्रम पुसलेस, मी साधं पत्राला उत्तर दिलं नाही. मला माफ कर.

ती जरा गोंधळून बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, तू तर बुटांकडे बघत होतीस नाही का? तुला काय दिसणार." बस आली. पायरीवरून ओरडली, "थांब, आमच्या दादाने फोटो काढला होता. घरी गेल्यावर शोधते!"

२ जुलै, बुधवार

फोटो आला. ट्रक, तिरपं ऊन, आमची रांग. मी बुटांकडे बघतेय, नाडी सुटलेली दिसते. पहिला, दुसरी, तिसरी, पाचवा – चौघांचेही हात वर आहेत.