बंगलीची निळी खिडकी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. परवा तळ्याच्या धक्क्यावर शेवाळावरून पाय सटकला तेव्हा आठही अंगं एकदम टेकली. तो तुझ्याच नावे धरावा.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबा अजून रेडिओतल्या माणसाशी भांडतात का? माझी प्रकृती उत्तम आहे. हाताला, कानाला आणि डाव्या भुवईला निळा रंग दिसतो, पण तो आजार नव्हे.

आत्या, काय बंगली आहे ही! ती सांभाळणाऱ्या मंडळावर तू आहेस म्हणून मला मिळाली, नाहीतर माझ्यासारख्याला हिच्या पायरीवरही कोणी बसू दिलं नसतं. तळं थेट ओट्याखाली. लाटेनं ओटा भिजतो आणि ओट्यानं माझी चप्पल. ते जुने मोठे चित्रकार एकटेच इथे राहिले, इथेच म्हातारे झाले. त्यांची खुर्ची आहे, पण तिच्यावर बसायचं नाही. पलंगावर झोपता येतं, मात्र ते बुटके असावेत, कारण माझे पाय गुडघ्यापासून पुढे हवेत असतात. राखणदारकाका रोज सकाळी चहा आणतात आणि मी एकटाच असलो तरी पन्नास पाहुणे असल्यासारखं मोठ्यानं सांगतात, "ही ती खुर्ची!" मी म्हटलं, काका, काल पाहिली. तर म्हणाले, "काल तुम्ही लक्ष देत नव्हता."

आता खरं सांगतो. तू मला इथे धाडलंस ते डोकं थंड करून परत कॉलेजात जायचा विचार करायला. (कॉलेजचं तुला बाबांनी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. सर म्हणाले, "घड्याळाकडे काय बघतोस?" मी म्हणालो, "या वर्गात तेवढंच पुढे सरकतंय, म्हणून." पुढचं सगळं आपोआप झालं.) पण बंगली मी तुझ्याकडे हट्टानं मागितली ती थंड हवेसाठी नव्हे. तळ्याच्या पलीकडच्या काठावर या दिवसांत चित्रकलेचा एक वर्ग येतो, ही बंगली रंगवायला. त्या वर्गात ती असते.

ती म्हणजे कोण, तेही सांगतो. आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये ती कोपऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चित्रं काढायची. माझ्या टेबलावरचे सगळे तिनं काढले. ज्याला नाक म्हणून काही नाही त्याचं नाकसुद्धा काढलं! मीच तेवढा राहिलो. धीर करून विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही हलता फार." आत्या, त्या तीन शब्दांवर मी अख्खं वर्ष काढलं आहे. कॉलेज सुटल्याचं मला काडीचं दुःख नाही, कँटीन सुटलं याचं आहे.

म्हणून मी बेत केला. ती बंगली काढणार, तर मी बंगलीतच असायचं! पहिल्याच सकाळी इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत बसलो. हनुवटीखाली हात, नजर लांब, श्वास बेतानं. नाकावर माशी बसली, बसू दिली. पाय मेला, मरू दिला. बाबांनी पाहिलं असतं तर त्यांना भरून आलं असतं, मी जन्मात एवढा स्थिर बसलेलो नाही. दुपारी राखणदारकाका वर आले. "पलीकडच्या दाढीवाल्या सरांनी निरोप दिलाय, खिडकीतला माणूस काढा. जुन्या चित्रांत तो नाही."

माणूस काढा! मी काय कुंडी आहे? डोक्यात तिडीक गेली. जाब विचारायला खाली धावलो, नावेत उडी मारली आणि दात ओठ खाऊन वल्ही मारायला लागलो. घामाघूम झालो, पाणी उसळलं, बदकं पळाली, पण पलीकडचा काठ काही जवळ येईना. मग राखणदारकाका धक्क्यावरून शांतपणे म्हणाले, "दोरी सोडायची राहिली." पलीकडे सगळा वर्ग हसत होता. तीही हसत होती. (तिचं हसणं पाण्यावरून येतं तेव्हा कसं वाटतं हे मी लिहिणार नाही, कारण हे पत्र आतोबाही वाचतील.)

तरीही मी खचलो नाही. खोलीत येरझाऱ्या घालता घालता माझं लक्ष त्या खिडकीकडे गेलं. झडपांचा रंग उडालेला, पोपडे सुटलेले, मूळचा निळा होता की राखाडी हे देवच जाणे. वाटलं, एवढा मोठा चित्रकार आणि त्याच्या खिडकीला कोणी साधा रंग लावू नये? चारचौघांत तिनं ही असली खिडकी का रंगवावी? तडक बाजारात गेलो, चकचकीत निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, वर्ग यायच्या आत, दोन्ही झडपा अशा रंगवल्या की ऊन पडल्यावर माझेच डोळे दिपले.

त्यानंतर पलीकडून जी आरोळी आली ती अजून कानात आहे. सगळा वर्ग नावा भरभरून इकडे आला. दाढीवाले सर झडपेकडे बघत ओट्यावर खालीच बसले. म्हणाले, "अरे, या उडालेल्या रंगासाठी लोक कुठून कुठून येतात. म्हाताऱ्यानं उभ्या आयुष्यात हीच एक खिडकी काढली. आणि तू तिला बोहल्यावर उभी केलीस!" मला काय ठाऊक? मला आपलं वाटलं, जुनं ते सोनं म्हणतात तरी लोक सोनं घासूनपुसून ठेवतातच की!

पण आत्या, देव रागावला तरी देतो तो असा! सरांनी शिक्षा सुनावली. नवा रंग टर्पेंटाइननं पुसायचा, वाळला असेल तिथे पॉलिश पेपरनं हळूहळू घासायचा, खालचा जुना रंग वाचवायचा, आणि हे सगळं मीच करायचं. जिथे जुना गेला तिथे फिकट निळा कालवून भरायला वर्गातलं सगळ्यात चांगली नजर असलेलं माणूस देखरेखीला. ते माणूस म्हणजे ती!

मी रोज घासतो आणि ती मागे स्टुलावर बसते. मागे वळायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, "हळू. झडपेशी भांडण आहे का तुमचं?" दुसऱ्या दिवशी, "एकाच जागी काय घासताय, भोक पाडायचंय?" आणि काल म्हणाली, "अरे गाढवा, तिकडे नको!" अरे गाढवा! आत्या, 'तुम्ही'वरून थेट 'गाढवा'! परक्या माणसाला कोणी गाढव म्हणतं का? मी काल जेवलोच नाही, भूकच नव्हती.

एकच काटा आहे. खिडकी पुरी झाली की ती जाणार. आणि मी अजून एक अक्षर बोललेलो नाही, कारण पाठमोरं राहून माणूस बोलणार तरी काय?

थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना माझ्याकडून एकेक टपली.

तुझा निळा भाचा

ता. क. कॉलेजचा विचार चालू आहे. (बाबांना एवढंच वाचून दाखव.)

ता. क. खरं मागणं असं की, मला बंगली अजून थोडे दिवस हवी. मंडळातर्फे एक रागाचं पत्र धाड. काम घाईनं उरकू नये, देखरेख करणारं माणूस बदलू नये, वगैरे. मला नालायक म्हटलंस तरी चालेल.

ता. क. घात झाला! जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी मागच्या दाराला डब्यातला उरलेला निळा रंग फासला. सगळे माझ्याकडे बघतात. आत्या, तुझ्या गळ्याची शपथ, मी नाही! तेही आता मलाच घासायचंय. असा अन्याय उघड्या डोळ्यांनी सोसवत नाही (पण सोसतो आहे). पत्र टाकायला तिच्याकडेच देतो, ती बाजारात चालली आहे.

ता. क. आत्याबाई, नमस्कार. पाकीट उघडंच होतं, क्षमा असावी. रागाचं पत्र जरूर धाडा, चांगलं कडक. मागचं दार मी रंगवलं. हा घासायला लागला की मुळीच हलत नाही, आणि माझं चित्र अजून अर्धंच झालं आहे. त्याला सांगू नका, लगेच वळून बघेल.